करारावरची लाल गाडी

तिचं माहेर हिंगणा. एसटी महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहेत, चिकलठाण्याला आहेत आणि आमच्या विदर्भासाठी नागपूरजवळ हिंगण्याला. कंपनीकडून उघडा सांगाडा येतो. त्यावर पत्रा, खिडक्या, बाकं, टप असं सगळं अंग हिंगण्याचे कारागीर चढवतात. म्हणून वऱ्हाडातल्या लाल गाड्यांच्या नंबरपाटीवर बहुतेकदा एमएच-40 असतं, नागपूर ग्रामीणचं. महामंडळाची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर धावली तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होतं. ही लाल बाई आमच्याकडे त्यानंतर आली आणि मग मात्र गेलीच नाही.

रोजच्या आयुष्यात ती फार कामाची आणि कमी बोलण्याची. सकाळी अमरावतीहून परतवाडा, परत येऊन दर्यापूर, संध्याकाळी अकोला. तिच्यात बाजाराच्या थैल्या असतात, कॉलेजच्या पोरी असतात, दवाखान्याची फाइल छातीशी धरलेला म्हातारा असतो. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिच्यात मोफत बसता येऊ लागलं आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून तिचं रूपच पालटलं. ज्या बाया वर्षातून एकदा माहेरी जायच्या त्या आता महिन्यातून एकदा जातात, आणि गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बोट दाखवून विचारतात, हा रस्ता कुठं जाते? त्या प्रश्नातूनच सहलीची गाडी निघते असं माझं पक्कं मत आहे.

त्या दिवशी तिच्या कपाळावरची गावाची पाटी निघते आणि तिथे दोन शब्द लागतात, प्रासंगिक करार. आगारात अर्ज द्यायचा, मार्ग लिहून द्यायचा, पैसे भरायचे, की ती दोन दिवसांसाठी आपली. लग्नाच्या वऱ्हाडाला ती अशी जाते, शाळेच्या सहलीला जाते. मी सांगतोय ती गाडी अमरावतीच्या एका भजनी मंडळाची. त्यात बायाच जास्त, काही निवृत्त माणसं, दोन-चार नातवंडं, आणि पुढच्या बाकावर इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर. सरांच्या गळ्यात बाजारात भाजीवाले वापरतात तसला छोटा माईक. मार्ग सरांनीच आखलेला: अमरावती, वलगाव, अचलपूर, चिखलदरा आणि गाविलगड, मग सातपुड्याच्या पायथ्यानं अंजनगाव सुर्जी, अकोट, नरनाळा, तिथून पूर्णा ओलांडून अकोला आणि शेवटी शेगाव. महिना डिसेंबर. तोही सरांचाच आग्रह, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईल.

करारावर निघाली की तिच्या स्वभावात पहिला फरक दिसतो तो फाट्यावर. रोजची सवय अशी की हात दिसला की थांबायचं. आता थांबायचं नाही. पण फाट्यावरच्या माणसाला ते कसं कळावं? तो लाल रंग पाहतो आणि हात करतो. वलगावच्या अलीकडे एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती, तिनं हात केला, गाडीचा वेग सवयीनं जरा उतरला आणि पुन्हा चढला. आत खिडकीशी बसलेल्या आजीला ते सहन झालं नाही.

“घ्या नं बापा तिले. जागा आहे नं मांगं!”

“नाई घेता येत मावशी. कराराची गाडी आहे हे.”

“करार असन. बाई उन्हात उभी आहे नं.”

त्यावर ड्रायव्हर भाऊ काही बोलले नाहीत, त्यांच्या हातात नव्हतंच ते. आजी बराच वेळ मागे वळून पाहत राहिली. ही गाडी सगळ्यांची आहे हे वऱ्हाडातल्या माणसाच्या मनात इतकं खोल बसलंय की दोन दिवस ती फक्त आपली आहे याचा आनंद होताना थोडं अपराधीही वाटतं. खाजगी ट्रॅव्हल्समध्ये बसलेल्या माणसाला रस्त्यावरच्या माणसाबद्दल तसं वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

वलगावला पेढी नदीचा पूल येतो. इथे सरांनी माईक तोंडाशी नेला, पण बोलायच्या आधी ड्रायव्हर भाऊंना गाडी हळू घ्यायला सांगितली. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा अमरावतीकडे येत असताना वाटेत याच पुलाजवळ गेले. गाडीत गेले. ज्या माणसानं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः एकीतही बिऱ्हाड केलं नाही, तो प्रवासात गेला. बाबांचा जन्म याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा, 23 फेब्रुवारी 1876 चा. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात. आमच्या गाडीतल्या निम्म्या बायांचं घर त्या समाधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण पेढीचा पूल तो हाच, हे अनेकींना त्या दिवशी कळलं, आणि त्यात अशाही होत्या ज्या लग्नानंतरची सगळी वर्षं या पुलावरून परतवाड्याला जात-येत आल्या. कोणी न सांगताच टाळ निघाले. गाडी पूल ओलांडून गेली तरी गोपाला गोपाला चालूच होतं.

हेच मला या गाडीबद्दल सांगायचं आहे. काशी-रामेश्वर करून आलेली, चारधाम केलेली माणसं आमच्याकडे घरोघरी आहेत. पण उशाशी असलेला मुलूख कोणी पाहिलेला नसतो, कारण तो कामाचा रस्ता असतो. रस्ता तोच, गाडी तीच, बाकसुद्धा तेच. पाटी बदलली आणि पुढे एक सांगणारा बसला की त्याच रस्त्यावर आपण पाहुणे होतो. पाहुण्याला जे दिसतं ते घरच्याला दिसत नाही.

आसेगावच्या पुढे संत्र्याच्या बागा सुरू होतात. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री उतरलेली असतात आणि गाडीत साली सोलल्याचा वास भरून राहतो. तो वास पुढे घाटात उपयोगी पडतो, हे अनुभवी बायांना ठाऊक असतं. त्या साली फेकत नाहीत, रुमालात बांधून ठेवतात.

परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावं. परतवाडा छावणीचं, बाजाराचं. अचलपूर जुन्या तटाआतलं. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठचं हे गाव 1490 पासून 1574 पर्यंत इमादशाहीची, म्हणजे वऱ्हाडच्या स्वतंत्र राज्याची, राजधानी होतं. गाडीला आतल्या गल्ल्या झेपत नाहीत. तिला ते कळतं. ती दरवाजाबाहेर एका कडूनिंबाखाली उभी राहते आणि माणसं पायी आत जातात. हौजकटोरा पाहिला, हौदाच्या मधोमध उभा असलेला तो आठकोनी मनोरा. सरांनी सांगितलं, की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा, लढाईत धरला गेला, मुसलमान झाला आणि पुढे वऱ्हाडचा धनी झाला. “याचं नाव ध्यानात ठेवा, उद्या तो पुन्हा भेटणार आहे,” एवढं सांगून ते थांबले. सर गोष्ट मध्येच सोडतात, म्हणूनच माणसं वेळेवर गाडीत परत येतात.

आता घाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला धामणगाव गढीवरून रस्ता चढतो. वऱ्हाडच्या सपाटीवरची गाडी इथे दुसरीच होते. सपाटीवर तिचा आवाज एकसुरी असतो. इथे प्रत्येक वळणाला तो खाली उतरतो, दाटतो, मग पुन्हा मोकळा होतो. ड्रायव्हर भाऊंचा डावा हात गिअरवरून उठतच नाही. वळणाआधी लांब हॉर्न, मग कान देऊन एक क्षण वाट पाहणं, वरून गाडी नाही याची खात्री, मग तिसऱ्यातून दुसरा आणि स्टीअरिंगचा मोठा वेढा. गाडीचं नाक दरीवर जातं आणि मागची चाकं आतल्या बाजूनं डोंगराला घासून येतील की काय असं वाटतं. तसं होत नाही. परतवाडा आगाराचे चालक हा घाट आणि पुढचा धारणीचा जंगलरस्ता रोज करतात. आमचे भाऊ तिथे नोकरीची बरीच वर्षं काढून आलेले. समोरून खाली येणारी गाडी दिसली की ते आपण थांबतात, चढणाऱ्याचा मान असूनही. विचारलं तर म्हणाले, “तिच्यात लोकं घाईत असतात जी. आपल्याले कायची घाई?”

मागच्या बाकांवर तोवर उलट्यांची तयारी झालेली. वऱ्हाडी माणसाला घाट लागतोच, उभं आयुष्य सपाटीवर गेलेलं. संत्र्याच्या साली नाकाशी गेल्या, लिंबू निघालं, खिडक्या सरकल्या. मागं बसलेल्यांना पुढची बाकं दिली गेली. पुढच्या बाकांवर ‘आमदारांसाठी राखीव’ असं लिहिलेलं असतं. त्यावर दोन म्हाताऱ्या डोळे मिटून एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून बसल्या आणि त्यांच्यापैकी एक दुसरीची पाठ सारखी चोळत होती. दोघी एका गल्लीत राहतात आणि पाण्याच्या नळावरून त्यांचा अबोला होता, हे मला नंतर कळलं.

एका मोठ्या वळणावर गाडी थांबली, इंजिन जरा निवावं म्हणून. सगळे उतरले. खाली पूर्णेचं सगळं खोरं दिसत होतं. वेचणीला आलेला कापूस, तुरीची पिवळी शेतं, आणि आपण आलो तो रस्ता. बायांनी आधी काय केलं असेल? आपापलं गाव शोधलं.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकला आणि भीमकुंडात हात धुतले ही इथली गोष्ट. पॉइंट पुष्कळ, ते सगळ्यांनी पाहिले, फोटो काढले, रबडी खाल्ली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, म्हणून कॉफीही प्यायली, पण चहाशिवाय कोणाचं समाधान झालं नाही. मला त्याहून जास्त लक्षात राहिली ती बाजारात बोरं-आवळे घेऊन बसलेल्या कोरकू बायांची बोली. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी सरांना विचारलं, हे हिंदी आहे की मराठी? सरांनी सांगितलं ते ऐकून आजूबाजूचे सगळे गोळा झाले. कोरकू ना मराठीची नात्यातली, ना हिंदीची. तिचं कुळ मुंडा, तिच्या बहिणी झारखंडाकडच्या संथाली आणि मुंडारी. त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा ती हीच, मेळघाटाच्या डोंगरातली. आमची गाडी मात्र या भाषेला परकी नाही. परतवाडा-धारणीच्या फेरीत सेमाडोहपुढे तिच्यात मराठीपेक्षा कोरकूच जास्त ऐकू येते. ती तिच्या रोजच्या प्रवाशांची भाषा आहे. नवीन होती ती आम्हाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड. गाडी फाटकाशी थांबली, टपावर रात्रीचं दव. गडावर चढताना सरांनी डिसेंबरचं गुपित सोडलं.

1803 साल. 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई, आजच्या अकोला जिल्ह्यात. तिथे भोसल्यांच्या फौजेचा पाडाव झाला. उरलेली फौज गाविलगडावर आली. इंग्रजांची एक तुकडी जनरल वेल्स्लीबरोबर दक्षिणेकडून देवगावच्या बाजूला उभी राहिली, पण खरा घाव उत्तरेकडून घालायचा होता, कारण तिकडेच लबाड्याच्या पठारानं गड जमिनीला जोडलेला आहे. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी तोफा डोंगर-जंगलातून वाट पाडत ओढत नेल्या. 15 डिसेंबरला तट फोडून ते आत शिरले, पण आत दुसरी भिंत, मध्ये दरी. 94 व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल काही माणसं घेऊन दरी उतरून भिंतीला शिड्या लावून चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह पडला. 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि 30 डिसेंबरला सुर्जी अंजनगावात शिंद्यांशी तह. एका महिन्यात, आपण दोन दिवसांत फिरणार आहोत त्याच रस्त्यानं, वऱ्हाडचं नशीब बदललं. रघूजी भोसल्यांकडे गाविलगड आणि नरनाळा राहिले, पण वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला.

सर दिल्ली दरवाजाजवळ उभे राहून हे सांगत होते. माणसं दगडांवर बसली होती. एका मुलानं विचारलं, हा वेल्स्ली मग कुठं गेला?

पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 18 जून 1815 ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, मग इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. पण जन्म त्याचा 1769 चा, आयर्लंडमधला, डब्लिनचा. गाविलगड पडला तेव्हा तो 34 वर्षांचा होता. आणि आज इंग्रजी वाचणारे जगभरचे लोक गाविलगडाला ओळखतात ते बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळे. अमरावतीच्या किती पोरांना गाविलगड माहीत आहे? सरांच्या आवाजात त्या वेळी राग होता, आणि तो मला रास्त वाटला.

आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. तिकडे उत्तरेला बेलफास्ट, डेरी, समुद्रकाठचे कडे अशी बसमधून होणारी गटसहल फार चालते. पुष्कळ ठिकाणी चालकच गाडी हाकता हाकता माइकवर गोष्टी सांगतो. त्या फेरीत जायंट्स कॉजवे हे ठिकाण हमखास असतं. समुद्रात उतरत गेलेले सुमारे 40,000 बसाल्टचे खांब, बहुतेक सहा बाजूंचे, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेले. लोककथा म्हणते, की फिन मॅककूल नावाच्या राक्षसानं स्कॉटलंडला जायला हा रस्ता बांधला. 1986 पासून ते जागतिक वारसा आहे. आता गाविलगडाचा दगड पाहा. तोही बसाल्टच, दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यांच्याकडे फिन आणि त्याचा रस्ता, आमच्याकडे भीम, कीचक आणि दरी. जमिनीचं वय जवळपास तेवढंच आणि गोष्टीचा आकारही तेवढाच मोठा. फरक एवढाच, की तिथल्या चालकाला ती गोष्ट रोज सांगायला मिळते आणि रोज ऐकायला नवी गाडी भरून येते.

आमच्या गाडीला ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. दोन दिवसांचा हा फेरा वर्षभर, ठरलेल्या वारी, सांगणाऱ्या माणसासह चालला तर मेळघाटातल्या शिकलेल्या कोरकू पोरांना, अकोट-अचलपूरच्या इतिहास शिकलेल्या मुलांना गावातच काम मिळेल. नरनाळ्यावर मला हे जास्तच वाटलं.

त्याआधी पायथ्याचा रस्ता. घाट उतरून गाडी अंजनगाव सुर्जीकडे वळली तेव्हा तिचा जीव मोकळा झाल्यासारखा वाटला. डाव्या हाताला काळी शेतं, उजव्या हाताला सातपुडा, सतत, अकोटपर्यंत. या पट्ट्यात पानमळे आणि पानपिंपळीच्या बागा आहेत. शेवऱ्यांवर चढवलेले वेल आणि आत हिरवा अंधार. एका मळ्याशी गाडी थांबवली. मालकानं पिंपळीच्या लेंड्या हातावर दिल्या, तिखट, जीभ बधिर करणाऱ्या. ज्या बाया बाळंतकाढ्यात ही पिंपळी आयुष्यभर घालत आल्या त्यांनी तिचा वेल पहिल्यांदा पाहिला. एकीनं पानावरून हात फिरवून विचारलं, “इतकी औषधी, अन् आमच्या इथंच पिकते?” मालक म्हणाला, “हाव नं माय. तुमच्या इथंच.”

नरनाळ्याला गाडी शहानूरला ठेवतात आणि वर जातात. हा गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, तीन भागांचा: नरनाळा, तेलियागड, जाफराबाद. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये नरनाळाही आहे आणि गाविलही. वर महाकाली दरवाजा पाहिला आणि सगळे गप्प झाले. दोन्ही बाजूंना दगडी झरोके, कमानीवर अरबी अक्षरांच्या ओळी इतक्या नेटक्या कोरलेल्या, की लिहिणाऱ्याचा हात थांबलेलाच दिसत नाही. 1487 चं काम. करवून घेणारा कोण? तोच, आदल्या दिवशी सरांनी ध्यानात ठेवायला सांगितलेला फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी. एका आजीनं अक्षरांवर बोट ठेवून हळूच विचारलं, काय लिवलं असन? दरवाजाजवळ सांगणारं कोणी नव्हतं. सरांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. पण प्रत्येक गाडीत सर नसतात. पुढे नऊगजी तोफ उघड्यावर पडलेली. एवढ्या मोलाच्या वस्तूशेजारी एक माणूस बोलायला असावा, ही फार मोठी मागणी नाही.

अकोटहून अकोला 45 किलोमीटरच्या आसपास. पण हा रस्ता गाडीच्या अंगाची परीक्षा पाहतो. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा रस्ता कितीही नीट करा, खालची जमीन हलती. त्यामुळे डांबराला लाटा येतात. गाडी त्या लाटांवर डावी-उजवी झुलत जाते आणि आत एकाच वेळी सगळ्यांची डोकी त्याच बाजूला कलतात. दोन्ही बाजूंना पूर्णेचा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. पिकालाही नको आणि प्यायलाही नको. सरांनी इथे माईक बंद ठेवला. या पट्ट्यातली माहेरं असलेल्या बायाच बोलत होत्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गोड पाण्याच्या विहिरीसाठी किती चालत जायचो, कोणाच्या गावात नळ कधी आला. त्या दिवसातली सगळ्यात चांगली माहिती मला या अर्ध्या तासात मिळाली. सांगणारा एकच असावा असं काही या गाडीत नसतं.

गांधीग्रामला पूर्णा ओलांडली. श्रावणात इथलंच पाणी कावडींत भरून अकोल्याला राजराजेश्वराला नेतात, शेवटच्या सोमवारी सगळा रस्ता माणसांनी भरतो. त्या दिवशी या रस्त्यावर आमच्या गाडीला जागा नसते.

अकोल्यात मोर्णेकाठचा असदगड पाहिला, राजराजेश्वराचं दर्शन झालं. आता परत फिरायचं होतं; पण वऱ्हाडातली कोणतीही सहल शेगावला गेल्याशिवाय सुटत नाही. मार्गात ते लिहिलेलंच होतं, तरी बायांनी जसं काही आपणच मिळवलं असा आनंद केला. महाराजांचं दर्शन, महाप्रसाद, आणि घरच्यांसाठी कचोऱ्यांच्या पिशव्या. गाडीतून संत्र्याचा वास गेला आणि तळलेल्या कचोरीचा आला.

परतीला मूर्तिजापूरचा महामार्ग. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना 75 किलोमीटरचा एकेरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला होता. इथे गाडी सरळ, बिनआवाजाची धावली. मागची निम्मी माणसं झोपली. जागी होती ती पुढच्या सहलीवर आली होती.

खजिनदार काकूंनी वही काढली. एकीचं म्हणणं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, वर्धेच्या काठी. घराजवळ आहे आणि कोणी गेलं नाही. दुसरीला लोणार पाहायचं होतं, पोरगी म्हणे तिथं आकाशातून दगड पडला. सर मात्र रिद्धपूरवर अडून होते. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर, महानुभावांचं रिद्धपूर, जिथं मराठी गद्याचं पहिलं मोठं काम झालं आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही तिथंच. “मोझरी मांगच्या वर्षीपासून ठरून आहे,” कोणीतरी मागून ओरडलं. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज सोडून कसं चालेल, यावर दोन्ही बाकं एक झाली.

“काय जी भाऊ, रिद्धपूर अन् मोझरी एका दिवसात होते का?”

ड्रायव्हर भाऊंनी आरशातून मागे पाहिलं. “कौंडण्यपूरबी होते, सकाळी सहाले निघाले तं. पन अर्ज आता देऊन ठेवजा. जानेवारीत शाळायच्या सहली असतात, गाडी भेटत नाई.”

काकूंनी वहीत तिन्ही गावं लिहिली आणि अर्जावर सह्या कोणाकोणाच्या लागतील ते विचारायला पुढच्या बाकाकडे आल्या.